ओव्हनमधली गोधडी

आमची खोली कुरुळीत. पत्र्याची लांबलचक चाळ, एका रांगेत दहा खोल्या, आमची नववी. दहावीत कोण राहतं हे मला दोन वर्षं धड माहीत नव्हतं. बाई आहे, वयानं मोठी आहे, एवढंच. अन् तिच्याकडून दिवसभर कट्, कट्, कट् असा आवाज यायचा. तोही कुठून, तर आमच्या दोघींच्या मधल्या भिंतीला तडा होता, त्यातून.

तडा म्हणजे साधासुधा नाही. वर पत्र्याजवळ सुरू व्हायचा अन् तिरपा खाली मोरीपर्यंत यायचा. उन्हाळ्यात त्यात माझी करंगळी जायची. पाऊस लागला की आपोआप बुजायचा, केसाएवढा व्हायचा, अन् तो कट् कट् आवाज बंद. पहिल्या वर्षी मला वाटलं मालकानं सिमेंट भरून घेतलं, हात लावून बघितलं तर कुठलं सिमेंट. त्याच दिवसांत दारही चौकटीत अडकायचं, खांदा लावून ढकलायला लागायचं. मला वाटायचं ही खोली आजारीच आहे. पण विचारणार कुणाला? हे कंपनीत रात्रपाळीला. सकाळी यायचे, चहा प्यायचे अन् पंख्याखाली झोपायचे ते चार वाजेपर्यंत. मला म्हणाले होते, "इथं सगळी बाहेरची लोकं हायेत. शेजारीपाजारी जास्त बोलत बसू नको." आपण तरी कुठले आहोत, आपणही परभणीकडूनच आलो की, असं माझ्या तोंडावर आलं होतं. 

मी आठवी अर्ध्यात सोडलेली. लग्न झालं, इकडं आले, पोरगी झाली. पोरगी झाल्यावर तर दिवस असा लांब व्हायचा की विचारू नका. ती झोपली की मी त्या तड्याजवळ बसून भाजी निवडायचे. पलीकडं कट्, मग थांबायचं, मग कट्. मी मोजायचे. मोजलं की कुणीतरी सोबत आहे असं वाटायचं.

पोरगी चार महिन्यांची असताना पिठाच्या गिरणीच्या दारावर कागद चिकटवलेला बघितला. झाडलोट करायला अन् भांडी धुवायला बाई पाहिजे. मी एकेक अक्षर लावून वाचला. पत्ता चाकण रोडचाच होता, चालत वीस मिनिटं. पोरीला कडेवर घेतलं अन् गेले, यांना न विचारताच गेले. मला वाटलं होतं खानावळ असेल. बघते तर शटरच्या आत टेबलं, लोखंडी यंत्रं, अन् जिकडंतिकडं माती. पिशव्यांत माती, ट्रेमध्ये माती, पत्र्याच्या एवढ्या एवढ्या डब्यांत माती. भांडी म्हणजे ह्याच डब्या अन् चाळण्या.

तिथं दोघंच जण होते. एक मॅडम, रहाटणीवरून स्कूटीवर यायच्या, इंजिनीअर, माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठ्या असतील. अन् एक मामा, इथल्याच जुन्या गावातले. तरणेपणी शेती केलेली, आता तीच माती तपासायचे. कुठंही बिल्डिंग किंवा शेड बांधायची असली की आधी तिथं भोक पाडून माती इथं आणतात, तिच्यात पाणी किती, ती फुगते किती, दम किती धरते हे बघतात, मगच पाया ठरतो. हे मला सगळं नंतर कळलं. पहिल्या दिवशी मॅडमनी फक्त पोरीकडं बघितलं अन् विचारलं, "हिला कुठे ठेवणार?"

"ती झोपतेच," मी म्हणलं. खोटंच.

मामांनी कोपऱ्यातला प्लॅस्टिकचा क्रेट रिकामा केला, आतल्या चाळण्या फळीवर लावल्या अन् म्हणाले, "हितं निजवा हिला. रडली तर आमी कायबी ऐकत न्हाई, यंत्राचा आवाज लई हाय."

घरी आल्यावर यांना सांगितलं. हे झोपेतच होते. "पोरगी संगं नेतीस ना, मग जा," म्हणाले अन् कुशीवर वळले.

लॅबमध्ये कुणी फार बोलायचं असं नाही. पण बोलायचे. मी तेही मोजायचे, खरं सांगते. मॅडम म्हणायच्या, "ही चाळणी परत धू." एक. मामा म्हणायचे, "पोरीनं आज काय खाल्लं?" दोन. कधी दिवसाला पंधरा-वीस व्हायचे, अन् मी घरी जाताना वाटेनं ते परत म्हणत जायचे.

मातीला मी हात लावायला लागले ते योगायोगानं. एक काम असतं, ओली माती घ्यायची अन् काचेवर हातानं वळायची, वातीसारखी. वळत वळत बारीक करायची, उदबत्तीच्या काडीहून जरा जाड. तेवढ्यावर तिला चिरा पडून तुकडे झाले तर बरोबर. नाही पडले तर माती परत गोळा करायची अन् परत वळायची, पाणी उडेपर्यंत. जेव्हा तुकडे पडतात तेव्हा तिच्यात किती पाणी आहे ते बघतात. मॅडमच्या तळव्याला घाम यायचा, माती ओलीच राहायची, त्या चिडायच्या. मी डब्या पुसत उभी होते. मला राहवलं नाही, म्हणलं, "मी करू का?" आमच्याकडं लग्नाच्या आधी रुखवताला वळवटं वळतात, कणकेची, सुतासारखी. मी शंभर वेळा वळलीत.

मी वळली. अगदी सारखी, इकडून तिकडून एका जाडीची. मग तिला बारीक चिरा पडल्या अन् ती माझ्या बोटाखाली मोडली.

मामा हसले. "घ्या! आता तुमच्या डिग्रीचं काय करायचं वो मॅडम?"

"डिग्री सही करायला लागते, मामा," मॅडम म्हणाल्या. पण त्यापण हसल्या. त्या दिवसापासून वळायचं काम माझं.

दुसरं काम पितळी वाटीचं. वाटीत मातीचा चिखल थापायचा, मधून पट्टीनं भांग पाडायचा अन् दांडा फिरवायचा, वाटी वर जाते अन् टक् करून खाली पडते, टक्, टक्. किती टक् झाल्यावर भांग मिटतो ते मोजायचं. पंचवीसला मिटला पाहिजे, त्याच्या अलीकडं पलीकडं असेल तर पाणी कमीजास्त करायचं. हे मामा करायचे, मोजायचे मी. मोजायची तर मला सवयच.

अन् सगळ्याच्या शेवटी ओव्हन. ते म्हणजे लहान फ्रिजएवढं लोखंडी कपाट, आत जाळीचे कप्पे. ओली माती डबीत घालून वजन करायची, डब्या संध्याकाळी ओव्हनमध्ये ठेवायच्या, रात्रभर वाळू द्यायच्या, दुसऱ्या दिवशी परत वजन. ओव्हनचं बटण एकशेपाचवर. मामांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ह्या बटनाला हात लावायचा न्हाई. घरी चुलीशी काय खेळायचं ते खेळ."

श्रावणात पाऊस असा लागला की चार दिवस ऊन म्हणून दिसलं नाही. पोरगी तेव्हा सात महिन्यांची. तिला सर्दी, पोट बिघडलेलं, लंगोटावर लंगोट. आमच्या खोलीत काही वाळत नव्हतं. पंखा एकच, त्याच्याखाली हे झोपलेले, तिथं दोरी कशी बांधणार? भिंतीला हात लावला तर ओला. तडा पार बुजलेला, पलीकडचा आवाज तर किती दिवसांत नव्हता. मला वाटायला लागलं ती बाई खोली सोडून गेली बहुतेक. अन् त्यातच पोरीनं गोधडी भिजवली. माझ्या आईनं जुन्या लुगड्याची शिवलेली, तेवढी एकच. ती अंगाखाली नसली की पोरगी झोपायची नाही, रडून रडून आवाज बसायचा तिचा.

शटर बंद करायची किल्ली माझ्याकडं असायची. मॅडम अन् मामा त्या आठवड्यात दुपारीच साइटवर जायचे. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी डब्या ओव्हनमध्ये ठेवल्या, त्या गरम हवेत तोंड घातलं, अन् माझ्या मनात आलं. इकडंतिकडं बघितलं. कुणीच नव्हतं. ओले लंगोट अन् ती गोधडी घडी घालून वरच्या जाळीवर पसरली, थोडी डब्यांवरच आली. दहा मिनिटांनी करपल्यासारखा वास. मी घाबरले, आईची गोधडी जळाली की काय. मग मी बटण फिरवलं. साठावर आणलं. म्हणलं वाळायला साठ लई झाले, मातीलाही अन् लंगोटालाही. ऊन तरी कुठं साठ असतं!

पोरीला माझ्या पदरात गुंडाळून घरी नेलं, रात्र किरकिरतच गेली. सकाळी आठला मी सगळ्यांच्या आधी आले, गोधडी काढली. कोरडी, गरम, आईच्या कुशीसारखी. बटण परत एकशेपाचवर केलं. मामा साडेनऊला आले, डब्या काढून त्यांनी वजनं घेतली. कुणाला काही कळलं नाही. गोधडी रोज भिजायचीच, मी तीन दिवस असंच केलं. पोरगी शांत झोपली तिन्ही दिवस, दुपारची झोप क्रेटमध्ये, गरम गोधडीत. मला स्वतःवर खूश झाल्यासारखं वाटत होतं.

त्या तीन दिवसांतल्या सगळ्या डब्या एकाच साइटच्या होत्या. आमच्या गावाच्या पलीकडं कामगारांसाठी खोल्यांची बिल्डिंग होणार होती, चार मजली, तिची माती.

चौथ्या दिवशी मामा टेबलाशी उभे राहून त्या मातीचा ढेकूळ चिमटीत चोळत होते. "मॅडम, ह्या आकड्यात कायतरी गडबड हाय. ही माती चिकट हाय बगा. बोट ओढून घेती. आमच्या खालच्या वावरात हीच होती, नांगर गिळायची. अन् कागदावर एवढी गरीब कशी निघाली?"

मॅडम कॉम्प्युटरवर होत्या. "मामा, तीन भोकांची माती, तीन दिवस, तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत. मशीन तिन्ही वेळा चुकेल का?"

"मंग मी चुकलो?"

"हाताचं पण वय होतं, मामा." त्या सहज बोलल्या, वाईट म्हणून नाही.  ते ढेकूळ त्यांनी परत पिशवीत ठेवलं अन् हात धुवायला गेले. लई वेळ नळाखाली हात धरून उभे होते. मी बघितलं, पण मला अजून काहीच कळलं नव्हतं.

सोमवारी कॉलेजची चार पोरं बघायला आली. इंजिनीअरिंगचीच, वह्या घेऊन. मॅडम त्यांना एकेक दाखवत होत्या, चाळण्या, पितळी वाटी, वळायची काच. एका चष्मेवाल्या मुलीला त्यांनी मला विचारायला लावलं, "ताईंना विचार कसं वळायचं." ती म्हणाली, "ताई, स्लो करून दाखवा ना," अन् मोबाइल धरला. मी वळून दाखवलं. मला आनंद झाला होता. कुणी मला ताई म्हणून शिकवायला सांगितलेलं हे पहिल्यांदाच.

मग सगळे ओव्हनपाशी गेले. मी मागं पोरीला घेऊन उभी.

"मातीत पाणी किती आहे ते डोळ्यांनी दिसत नाही," मॅडम सांगत होत्या. "म्हणून ओली असताना वजन करायचं, सगळं पाणी घालवायचं, परत वजन करायचं. जेवढं वजन कमी झालं तेवढं पाणी. ह्याच एका आकड्यावर बाकीचं सगळं उभं आहे."

एक मुलगा म्हणाला, "मॅम, एकशेपाचच का? पाणी तर शंभरलाच उकळतं."

"चांगला प्रश्न आहे. चिकणमाती पाण्याला सोडत नाही, धरून बसते. साठ-सत्तरवर ठेवलीस तर वरून कोरडी दिसेल, हाताला कोरडी लागेल, पण पाणी आत राहतं. आणि वजनकाट्याला वाटतं ते पाणी म्हणजे मातीच आहे. मग पाण्याचा आकडा कमी येतो. फुगणारी काळी माती कागदावर साधी दिसायला लागते."

"मग काय होतं?"

"मग पाया साधा देतात. पावसाळ्यात खालची माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, घर वर-खाली होतं. भिंतीला तडा जातो. तिरपा. उन्हाळ्यात उघडतो, पावसात मिटतो. दारं अडकतात. काळ्या मातीवरचं घर बघितलं की बाहेरूनच ओळखू येतं."

"मॅम, हे वायवाला विचारतात का?" दुसरा मुलगा म्हणाला अन् सगळे हसले.

तिरपा. उन्हाळ्यात उघडतो, पावसात मिटतो. कुणीतरी माझी खोली बघून आल्यासारखं त्या बोलत होत्या. अन् साठ. त्यांनी साठच म्हणलं. मी पोरीला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली अन् मी तिला घेऊन शटरच्या बाहेर पावसात जाऊन उभी राहिले.

रिपोर्ट बुधवारी जायचा होता. गुरुवारी आमच्या भागात लाइट नसते म्हणून सुट्टी, त्याच्या आधी जायचा. त्या दिवशी अन् रात्री मी काय खाल्लं, काय केलं मला आठवत नाही. एकच हिशोब डोक्यात. सांगितलं तर मला काढतील. काढलं तर परत ती खोली, तो पंखा, बुजलेला तडा, अन् दिवसभर एक माणूस बोलायला नाही, पोरगी बोलायला लागायला अजून वर्ष. नाही सांगितलं तर कुणाला कळणार आहे? कुणालाच नाही. चार मजले. प्रत्येक मजल्यावर किती खोल्या असतील, प्रत्येक खोलीत कुणीतरी माझ्यासारखी बसलेली असेल, भिंतीला पाठ लावून, तिला वाटेल खोलीच आजारी आहे. यांना सांगावं म्हणून मी मंगळवारी सकाळी चहा देताना तोंड उघडलं. हे म्हणाले, "काय?" मी म्हणलं, "काही नाही, साखर संपली." भीतीनं. हे म्हणाले असते गप बस, अन् मी गप बसले असते.

लॅबमध्ये गेले तेव्हा मॅडम लवकर आलेल्या, त्याच रिपोर्टवर काम करत होत्या. मामा लोखंडी साच्यात माती ठोकत होते, धप्, धप्. मी पोरीला कडेवर घेऊनच मध्ये जाऊन उभी राहिले.

"मॅडम, मी बटण साठावर आणलं होतं."

"कसलं बटण?"

"ओव्हनचं. तीन दिवस. संध्याकाळी. सकाळी परत केलं."

धप् धप् थांबलं.

"का?" मॅडम उभ्या राहिल्या.

"गोधडी करपत होती." मी म्हणलं. "लंगोट वाळत नव्हते मॅडम, हिला सर्दी होती, वरच्या जाळीवर टाकले, वास आला म्हणून कमी केलं, मला माहीत नव्हतं, देवाशपथ माहीत नव्हतं, वाळली की माती वाळली असं वाटलं, ती पोरं आली तेव्हा कळलं." मग मी रडायला लागले अन् मला बघून पोरगी पण.

मॅडम स्क्रीनवरच्या आकड्यांकडं वळल्या. मग मामा हळूच म्हणाले, "म्हंजी माझा हात खरा व्हता."

मॅडम परत खुर्चीत बसल्या.

"चार दिस मी रातच्याला पडून इचार करतोय," मामा म्हणाले. माझ्याकडं बघत नव्हते. "म्हणलं, झालं. माती वळखता येईना आता. घरी बसावं. अन् ही बया लंगोट शेकत व्हती." मग एकदम माझ्यावर ओरडले, "अगं मला सांगायचं व्हतंस! ह्या ओव्हनच्या पाठीमागं दोरी बांधून दिली असती, पाठ केवढी तापती त्याची! तोंड न्हाई तुला?"

तोंड आहे की नाही हे मलाच माहीत नव्हतं, काय सांगणार.

मॅडमनी कागद सारले. "उरलेली माती आहे ना मामा?"

"पिशव्या हायेत. बांधून ठेवल्यात."

"मग परत. सगळं. आत्ता." अन् मला म्हणाल्या, "तू वळशील. मी समोर बसणार आहे."

मी दिवसभर वळलं. मॅडम समोर बसून बघत होत्या. पोरगी क्रेटमध्ये रडायची, थांबायची. मामा दांडा फिरवायचे, टक्, टक्, अन् मी मोजायचं विसरायचे तर मामा स्वतःच मोठ्यानं मोजायचे. संध्याकाळी डब्या मामांनी ठेवल्या, बटण मामांनी बघितलं, मग मॅडमनी बघितलं. शटरची किल्ली मॅडमनी मागितली. मी दिली. दिवसभरात तेवढंच एक वाक्य मला, "किल्ली दे." मी मोजलं.

बुधवारी दुपारी वजनं झाली. मॅडमनी आकडा वाचला अन् मामांकडं वही सरकवली. मामांना वाचायला चष्मा लागतो, त्यांनी तो खिशातनं काढलाच नाही. म्हणाले, "मला म्हाईत हाय काय आलंय ते." माती फुगणारी होती. मामांच्या वावरासारखी. मॅडमनी बिल्डरला फोन लावून सांगितलं की रिपोर्टला दोन दिवस उशीर होईल, चूक आमच्याकडून झाली. आमच्याकडून म्हणाल्या. पलीकडचा माणूस ओरडत होता, मला इथपर्यंत ऐकू येत होतं.

मग त्यांनी मला बोलावलं.

"हे बघ. सांगितलंस म्हणून तू उभी आहेस इथे. नाहीतर माझी सही गेली असती त्याच्यावर." त्या थकलेल्या दिसत होत्या. "पण बाळ इथे नाही चालणार आता. धूळ आहे, गरम ओव्हन आहे, आणि तुझं लक्ष राहत नाही. चूक माझी पण आहे, मीच ठेवू दिलं. शुक्रवारी ये. एकटी ये. बाळाची सोय नाही झाली तर मला दुसरी बाई बघावी लागेल."

मी हो म्हणलं. कुठली सोय? परभणीला आई, इथं कोण? पण हो म्हणलं.

गुरुवारी सकाळी लाइट गेली. पंखा बंद, तरी हे झोपलेले, ओव्हरटाइम करून आलेले. पोरगी साडेअकराला झोपली. मी तड्यापाशी जाऊन कान लावला. काही नाही. केसाएवढी रेघ. मी नखानं जरा उकरलं, उगीच. मग चप्पल न घालता बाहेर आले अन् दहाव्या खोलीच्या दारापुढं उभी राहिले. दोन वर्षांत पहिल्यांदा. गेली असेल बाई खोली सोडून तर? मी कडी वाजवली.

आतून आवाज आला, "ढकल गं! दार अडकतंय. खांदा लाव."

मी खांदा लावला. दार उघडलं. आत खिडकीच्या उजेडात एक म्हातारपणाकडं झुकलेली बाई जमिनीवर बसलेली, पुढं काळ्या रबराच्या बारक्या रिंगांचा ढीग, हातात कात्री. कंपनीतनं आलेल्या रिंगा, त्यांच्या कडेला उरलेलं रबर कापून टाकायचं. कट्. फळीवर एक छोटी बुद्धमूर्ती, पुढं विझलेली मेणबत्ती.

"नववीतली ना तू?" ती म्हणाली. "पोरगी झोपली काय?"

"तुम्हाला कसं..."

"साडेअकराला झोपते. उन्हाळ्यात मला सगळं ऐकू यायचं. तू म्हणायचीस, थांब गं बाय, थांब गं बाय. अन् ती थांबली की मग तूच रडायचीस." ती कात्रीकडं बघत बोलत होती. "कितीदा वाटलं यावं. पण तुझा मालक दिवसा झोपलेला असतो, म्हणलं उगं त्याची झोपमोड. मग पावसाळा आला, ऐकायलाच येईना. मला वाटलं तुम्ही गावाला गेलात."

मला एवढी लाज वाटली की मी भलतंच बोलले. "मावशी, तो तडा पावसात मिटतो. खालची माती काळी आहे ना, ती पाणी पिऊन फुगते, मग भिंती जवळ येतात. उन्हाळ्यात माती आकसली की परत उघडतो."

तिची कात्री थांबली. "अस्सं होय? मी म्हणते घरमालक येऊन बुजवून जातो की काय. तुला कुणी सांगितलं?"

"माझ्या कामावर."

"कामाला जातेस तू?"

मग मी सगळं सांगितलं. डब्या, गोधडी, साठ, मामांचा हात, शुक्रवार. एका दमात, उभ्या उभ्या. गोधडीपाशी आल्यावर ती तोंडाला पदर लावून हसली. झालं तेव्हा म्हणाली, "आण उद्या. पण गोधडी संगं आण. अन् ह्या रिंगा तिच्या हाताला लागता कामा नयेत, तोंडात घालतात पोरं. तर मला कापायचं काम ती झोपल्यावरच. साडेअकरानंतर." मग कात्री उचलून, "तुझ्या मालकाला विचारलंस?"

"नाही."

"विचार. नाहीतर मीच विचारते चार वाजता. उठतो ना चारला?" तिला तेही माहीत होतं.

शुक्रवारी मी एकटी चालत गेले. कडेवर काही नाही तर चालायचं कसं हेच समजेना, मी सारखी एका बाजूला झुकायचे. लॅबमध्ये क्रेटमध्ये चाळण्या परत ठेवलेल्या होत्या. ओव्हनच्या पाठीमागं भिंतीला दोन खिळे अन् मधे सुतळी बांधलेली, तिच्यावर काहीच नव्हतं. मामा पाठमोरे साच्यात माती ठोकत होते. मॅडम अजून माझ्याशी मोजकंच बोलत होत्या, अन् किल्ली काही परत मिळाली नाही, आजपर्यंत नाही मिळाली.

मी काचेवर माती घेतली अन् वळायला लागले. बारीक होत होत आली, अजून चिरा पडायच्या होत्या. भिंतीवरचं घड्याळ समोरच आहे. बघता बघता माझा हात थांबला.

"काय झालं?" मामा म्हणाले.

"साडेअकरा," मी म्हणलं. "झोपली असेल."

अन् परत वळायला लागले.